सायकल थांबते, मग न्यूटनचा नियम खोटा का? : गती आणि बल, वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की नववी ते अकरावीच्या पोरापोरींनी गती आणि बल या धड्यांमधलं जे काही अडलं असेल ते बिनधास्त लिहून पाठवा. भरपूर पत्रं आली, आईबाबांचीही आली, एका आजोबांचंही आलं. मी नागपुरातच शाळेत विज्ञान शिकवत आले, त्यामुळे यातले बरेच प्रश्न मी वर्गात ऐकलेले आहेत, तरी या वेळी सगळी पत्रं एकत्र ठेवून वाचली तेव्हा जाणवलं की वरून वेगळे दिसणारे कितीतरी प्रश्न आतून एकच आहेत. वस्तू चालती ठेवायला बल लागतं असा एक समज आपल्या सगळ्यांच्या डोक्यात लहानपणापासून पक्का बसलेला असतो आणि तो निघत नाही तोवर पुढचं सगळं पाठ करावं लागतं. म्हणून सुरुवात त्याच्यापासूनच.

प्रश्न : मॅडम, पुस्तकात लिहिलं आहे की बाहेरून बल लागलं नाही तर चालणारी वस्तू चालतच राहते. मी रोज सायकलने शाळेत जातो. पायडल मारणं बंद केलं की सायकल थोड्या वेळात थांबतेच, कोणी पकडलं नाही तरी. मग काहून थांबते? वर्गात विचारलं तर उत्तर मिळालं की परीक्षेत नियम आहे तसाच लिही.
— नववीतला विद्यार्थी, सक्करदरा

बेटा, तुला ही शंका आली याचा मला फार आनंद झाला, कारण ज्याला ही शंका येत नाही त्याने नियम नुसता वाचलेला असतो. ग्रीसमधला ॲरिस्टॉटल हेच म्हणायचा की ढकलणारा थांबला की वस्तू थांबते, आणि बैलगाडी बघा, होडी बघा, ठेला बघा, सगळीकडे तसंच दिसतं, त्यामुळे जवळजवळ दोन हजार वर्षं बहुतेकांनी ते मानलं. म्हणजे तू चुकीच्या रांगेत उभा नाहीस.

आता तुझ्या पत्रातले चार शब्द परत वाच, "कोणी पकडलं नाही तरी". गडबड तिथे आहे. सायकलला पकडणारे आहेत, फक्त दिसत नाहीत. टायर रस्त्यावर थोडं थोडं दबत जातं, समोरून हवा आडवी येते, चाकाच्या आतल्या छऱ्यांमध्ये घासणं होतं, आणि ब्रेकचं रबर रिमला लागत असेल तर तेही. हे खरं की खोटं ते तूच तपास. सपाट रस्ता, सकाळची वेळ, गर्दी नको. एका खांबापर्यंत रोजच्या स्पीडने ये, खांब आला की पायडल बंद, आणि सायकल कुठपर्यंत जाते तिथे खडूने खूण कर. मग दोन्ही टायरमधली थोडी हवा कमी करून तेच कर, मग पंपाने कडक हवा भरून परत तेच. कडक हवेच्या वेळची खूण पुढे गेलेली दिसेल. तू जोर तेवढाच लावला होतास, बदललं काय तर मागे ओढणारं बल कमी झालं.

कॅरमवर तर हे आणखी स्वच्छ दिसतं. पावडर न टाकता स्ट्रायकर मार, मधेच रेंगाळतो. बोरिक पावडर शिंपडून तितकीच टिचकी मार, पलीकडच्या फळीला आपटून परत येतो. आता डोक्यातल्या डोक्यात पावडर वाढवत ने, घर्षण अर्धं, पाव, त्याच्याही पाव, आणि शेवटी काहीच नाही, आणि फळी पण नाही. स्ट्रायकर कुठे थांबेल? थांबायला काही कारणच उरत नाही. गॅलिलिओने नेमकं असंच केलं. त्याने १६३८ साली छापलेल्या पुस्तकात उतारांचा विचार मांडला, की एका उतारावरून सोडलेला गोळा समोरच्या चढावर जवळपास तेवढ्याच उंचीपर्यंत चढतो, चढ जितका कमी तिरपा तितका जास्त लांब जातो, मग चढ पार आडवाच केला तर त्याला ती उंची कधी सापडणारच नाही आणि तो जातच राहील. पुढे १६८७ मध्ये न्यूटनने हा आपला पहिला नियम म्हणून लिहिला.

तान्ह्या पोळ्याला लहानपणी लाकडी नंदी ओढला असशीलच. दोरी धरून पळायचं, आणि आपण एकदम थांबलो की नंदी थांबत नाही, चाकं गरगरत येतात आणि आपल्याच टाचेवर येऊन आदळतो. माझ्या टाचेवर तो ठसका अजून आठवतो. आता विचार कर, तू थांबलास तेव्हा दोरी सैल पडली, म्हणजे पुढे ओढणारं कोणी नव्हतं, तरी तो पुढे आलाच ना? पुढे ओढणारं बल नसताना तो चालत होता. मोठा भारी नंदी असला तर टाचेला जास्त लागतं, कारण वस्तुमान जास्त तितकं जडत्व, म्हणजे आहे तसंच राहायची सवय, जास्त.

मग पायडल कशासाठी मारायचं? सपाट रस्त्यावर एकाच स्पीडने जाताना तू मारलेलं पायडल फक्त मागे ओढणाऱ्या बलांची भरपाई करत असतं. पुढचं आणि मागचं बल बरोबरीचं, बेरीज शून्य, म्हणून वेग तसाच राहतो. पुस्तकात याला संतुलित बल म्हणतात. वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेव, बल वेग बदलतं, वेग टिकवायला बल लागत नाही. या महिन्यातली पुढची अर्धी उत्तरं या एका ओळीतून निघतात.

प्रश्न : माझ्या मुलीला गतीची तिन्ही समीकरणं तोंडपाठ आहेत. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगते. पण गणित समोर आलं की कोणतं समीकरण लावायचं ते सुचत नाही, मग रडते. ट्यूशन बदलून बघितली, फरक नाही. काय करावं?
— एक आई, मानेवाडा

ताई, तिचं पाठांतर चांगलं आहे म्हणजे मेहनत करून राहिली आहे, फक्त उलट्या टोकाकडून शिकते आहे. पंधरा दिवस समीकरणं कपाटात ठेवा. त्या पंधरा दिवसांत तिने एवढंच करायचं की गणितातली गोष्ट सेकंदा-सेकंदाने बोलून दाखवायची.

एक उदाहरण करून दाखवते. शिवमडक्याहून समृद्धी महामार्ग सुरू होतो, कारला तिथे ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. समजा गाडी बरोबर १२० वर आहे आणि पुढे काहीतरी दिसलं म्हणून ड्रायव्हरने कडक ब्रेक मारला. आधी १२० ला ३.६ ने भागायचं, सेकंदाला ३३.३ मीटर आले. किलोमीटर आणि तास तसेच ठेवून गणित सोडवलं तर उत्तर हमखास चुकतं, परीक्षेत सगळ्यात जास्त मार्क मी इथेच जाताना बघितले आहेत. आता धरा की ब्रेकमुळे दर सेकंदाला वेग ६ ने कमी होतो. हेच त्वरण, फक्त उलट्या दिशेचं. बोलत जा, ३३.३, एका सेकंदानंतर २७.३, मग २१.३, १५.३, ९.३, ३.३, आणि साडेपाच सेकंदांच्या आसपास शून्य. वेग सारख्याच दराने उतरला म्हणून सरासरी वेग निम्मा, साधारण १६.७. साडेपाच सेकंद सेकंदाला १६.७ मीटरने गेलो तर किती गेलो? जवळपास ९२ मीटर. झालं, एकही समीकरण वापरलं नाही.

आता तिला म्हणा, हेच ६० च्या स्पीडला करून दाखव. १६.७ पासून सुरुवात, पावणेतीन सेकंदांत गाडी उभी, सरासरी ८.३, अंतर साधारण २३ मीटर. वेग अर्धा झाला पण थांबायचं अंतर चौथाईवर आलं! हे पोरीला स्वतःच्या हाताने सापडू द्या, तुम्ही आधी सांगू नका. का झालं तर वेळही अर्धा झाला आणि सरासरी वेगही अर्धा झाला, दोन्ही अर्ध्यांचा गुणाकार. आणि ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला असं धरलं तर १२० ला त्या सेकंदात गाडी ब्रेक न लागताच ३३ मीटर पुढे निघून गेलेली असते, ते ९२ मध्ये धरलेलंच नाही. हे गणित केलेलं पोरगं पुढे गाडी चालवायला लागल्यावर समोरच्या गाडीपासून अंतर ठेवेल असं मला मनापासून वाटतं.

पंधरा दिवसांनी समीकरणं परत काढा. तेव्हा तिला दिसेल की पहिलं समीकरण (v = u + at) म्हणजे तो ३३.३, २७.३ चा पाढा, दुसरं (s = ut + ½at²) म्हणजे सरासरी वेग गुणिले वेळ हेच जरा फिरवून लिहिलेलं, आणि तिसऱ्यात (v² = u² + 2as) वेळ गाळून टाकलेला. यात u सुरुवातीचा वेग, v शेवटचा वेग, a त्वरण, t वेळ आणि s अंतर. कोणतं लावायचं याची सोपी खूण अशी की गणितात जी राशी दिलेलीही नाही आणि विचारलेलीही नाही ती शोधायची आणि ती ज्या समीकरणात नाही ते उचलायचं. पहिल्यात अंतर नसतं, दुसऱ्यात शेवटचा वेग नसतो, तिसऱ्यात वेळ नसतो. आणि तिन्ही समीकरणं त्वरण सारखं असेल तेव्हाच चालतात, हे वाक्य पुस्तकात छोट्या अक्षरात असलं तरी महत्त्वाचं आहे.

एक राहिलं. तिला विचारा, वर फेकलेला चेंडू सगळ्यात वर पोचला तेव्हा त्याचा वेग किती आणि त्वरण किती? दोन्ही शून्य असं म्हणाली तर वेग आणि त्वरण अजून वेगळे झालेले नाहीत. वेग त्या क्षणी शून्य आहे, पण पृथ्वीच्या ओढीमुळे त्वरण ९.८ (मीटर प्रति सेकंद वर्ग) खालच्या दिशेने आहेच, नाहीतर चेंडू तिथेच लटकून राहिला असता. ट्यूशन पुन्हा बदलू नका.

प्रश्न : बर्डीहून मेट्रो सुटली की उभे असलेले सगळे मागे जातात. कोणतं बल मागे ढकलते? अन् वळणावर बाहेर फेकल्यासारखं होते ते कोणतं बल?
— दहावीतले दोन मित्र, हिंगणा रोड

पोरांनो, मागे कोणीच ढकलत नाही. प्लॅटफॉर्मवर उभ्या असलेल्या माणसाच्या नजरेने बघा. मेट्रो सुटली, तिच्या फरशीने घर्षणाने तुमचे पाय पुढे नेले, वरचं अंग जिथे होतं तिथेच राहायला बघत होतं, म्हणून तुम्ही मागे कलला असं आतून वाटतं. वरचा दांडा धरला की तो हातातून तुमच्या अंगाला पुढे ओढतो आणि मग सगळं अंग गाडीबरोबर निघतं. मेट्रोने एकदा स्पीड पकडला आणि सरळ जाऊन राहिली की दांडा सोडला तरी काही होत नाही, कारण तेव्हा वेग बदलत नाहीये.

वळणावर तेच, पण दिशा बदलते. अंग सरळ जायला बघतं, गाडी वळते, बाहेरच्या बाजूची भिंत तुमच्याकडे येते आणि तुम्हाला वाटतं मी फेकला गेलो. वळायला बल लागतं ते आतल्या बाजूला, आणि ते दांडा, सीट, फरशी तुम्हाला देतात. स्पीड तोच राहिला तरी दिशा बदलली म्हणजे वेग बदललाच, एवढं कळलं की एकसमान वर्तुळाकार गती कळली.

प्रश्न : आमचा संत्र्यांचा ठेला आहे. बाबा सकाळी ठेला ढकलत नेतात, सुट्टीत मी पण जाते. पुस्तकात आहे की क्रिया आणि प्रतिक्रिया सारख्या असतात आणि उलट दिशेने असतात. मग बाबा ठेल्याला जेवढं पुढे ढकलतात तेवढंच ठेला बाबांना मागे ढकलतो. दोन्ही कटून जायला पाहिजे. ठेला पुढे जातोच कसा?
— नववीतली विद्यार्थिनी, कॉटन मार्केट

बेटा, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तिसऱ्या नियमात याच्याहून चांगला प्रश्न विचारता येत नाही, आणि तू तो स्वतःच्या ठेल्यावरून विचारलास. तेव्हा उत्तरही ठेल्यावरच शोधू.

एक कोरा कागद घे आणि मधोमध उभी रेघ मार. डावीकडे फक्त ठेला काढ, बाबा नको. उजवीकडे फक्त बाबा काढ, ठेला नको. आता डावीकडे ठेल्यावर कोण कोण बल लावतं तेवढेच बाण काढायचे. बाबांचा हात, पुढे. चाकांचं आणि रस्त्याचं घासणं, मागे. पृथ्वीची ओढ खाली आणि रस्त्याचा आधार वर, ते दोन बरोबरीचे असतात, ते सध्या सोड. ठेल्याने बाबांना मागे ढकललं तो बाण या चित्रात येतो का? नाही, कारण तो ठेल्यावर नाही, बाबांवर आहे. तो उजवीकडे जाईल. दोन बाण एकमेकांना तेव्हाच कापतात जेव्हा ते एकाच वस्तूवर असतात. क्रिया आणि प्रतिक्रिया कायम दोन वेगळ्या वस्तूंवर असतात, म्हणून त्या कधीच कटत नाहीत.

आकडे घालून बघू, म्हणजे मनात शंका राहणार नाही. धर की संत्र्यांसकट ठेला २०० किलोचा आहे, चाकांचं घासणं ६० न्यूटन आहे (न्यूटन हे बल मोजायचं एकक), आणि बाबा ११० न्यूटनने ढकलतात. ठेल्यावर उरलं ५० न्यूटन पुढे. ५० भागिले २००, त्वरण ०.२५, म्हणजे उभा ठेला चार सेकंदांत सेकंदाला एक मीटर या वेगाला, साधारण हळू चालीला येतो. आता उजवीकडचं चित्र. ठेला बाबांना ११० न्यूटनने मागे ढकलतो, तू म्हणालीस ते अगदी खरं आहे. मग बाबा मागे का जात नाहीत? त्यांचे पाय बघ. ते पायाने रस्त्याला मागे रेटतात आणि रस्ता त्यांना पुढे रेटतो. बाबांचं वस्तुमान ६० किलो धरलं आणि त्यांनाही ठेल्याबरोबर तेवढंच त्वरण हवं तर ६० गुणिले ०.२५, पंधरा न्यूटन उरायला पाहिजेत, म्हणजे रस्त्याने १२५ न्यूटन दिले. पुढे १२५, मागे ११०, बाबा पुढे.

खरी कमाई त्या रस्त्याची आहे. पावसाळ्यात चिखल झाला की बाबांची चप्पल मागे सटकते आणि ठेला हलत नाही, हे तू बघितलं असशील. बाबांच्या हाताची ताकद कमी झालेली नसते, रस्ता पुढे रेटत नाही म्हणून तसं होतं. आणि एकदा ठेला चालीला लागला की बाबांचा चेहरा जरा सैल पडतो ना, कारण आता ६० न्यूटनच पुरतात, घासण्याची भरपाई करण्यापुरते. सुरुवातीला जड आणि मग हलका वाटतो तो यामुळे, शिवाय उभ्या चाकाला जागचं हलवताना घर्षण थोडं जास्तच असतं.

दोन गोष्टी अजून. क्रिया आधी आणि प्रतिक्रिया नंतर असं नसतं, दोन्ही एकाच क्षणी असतात, आणि कोणाला क्रिया म्हणायचं कोणाला प्रतिक्रिया ते आपल्या मर्जीवर आहे. ते जुने शब्द थोडे फसवतात, म्हणून मी वर्गात जोडी म्हणायचे. आणि जोडी तपासायची रीत अशी की वाक्य उलटवून बघायचं, "बाबा ठेल्याला ढकलतात" उलटवलं की "ठेला बाबांना ढकलतो". "पृथ्वी संत्र्याला ओढते" उलटवलं की "संत्रं पृथ्वीला ओढतं". टेबलावर ठेवलेल्या पुस्तकाचं वजन आणि टेबलाचा आधार ही जोडी आहे असं बऱ्याच गाइडमध्ये सापडतं, ते चूक आहे, दोन्ही बलं एकाच पुस्तकावर आहेत.

बाबांना माझा नमस्कार सांग. हे दोन चित्रांचं पान त्यांना दाखव, रोज जे करतात तेच त्यात आहे म्हणून त्यांना लगेच समजेल.

प्रश्न : मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात होतो, विज्ञानात ८८ मार्क होते. अकरावीला नागपुरात आलो, रूम करून राहतो, इथे सगळं इंग्रजीत. मोमेंटम म्हणजे आपला संवेगच आहे हे मला दिवाळीच्या सुट्टीत समजलं. तोपर्यंत मी नवीन काहीतरी आहे म्हणून घाबरत होतो. आता उशीर झाला का?
— अकरावी सायन्स, मूळ गाव काटोल तालुक्यात

उशीर अजिबात झालेला नाही, बेटा. तुला विषय येतो, फक्त नावं बदलून समोर आली आणि हे आधी सांगायला कोणी नव्हतं, याचं मला वाईट वाटतं. आज रात्रीच बसून घे. विस्थापन म्हणजे डिस्प्लेसमेंट, चाल म्हणजे स्पीड, वेग म्हणजे व्हेलॉसिटी, त्वरण म्हणजे ॲक्सिलरेशन, जडत्व इनर्शिया, संवेग मोमेंटम, घर्षण फ्रिक्शन, सदिश म्हणजे व्हेक्टर, अदिश म्हणजे स्केलर. यातला सदिश सोडला तर बहुतेक तू नववीत केलेलं आहेस.

मला जास्त काळजी वेगळ्या शब्दांची वाटते. आपण घरी बोलताना जोर, ताकद, बल, शक्ती, दाब हे सगळं एकाच अर्थाने वापरतो, आणि वेग, गती, स्पीड पण एकच. बोलण्यात काही बिघडत नाही. पण पेपरात फोर्स, एनर्जी, पॉवर, प्रेशर हे चार वेगळे प्राणी आहेत, चौघांची एककंही वेगळी, न्यूटन, ज्यूल, वॅट, पास्कल. एकक विचारायची सवय लावली की गोंधळ निम्मा कमी होतो.

आणि स्पीड-व्हेलॉसिटीचा फरक पाठ करू नकोस, एखाद्या रविवारी झिरो माईलला जाऊन ये. तिथल्या खांबावर हैदराबाद, रायपूर, जबलपूर अशा गावांची अंतरं मैलांत कोरलेली आहेत. रायपूर आणि जबलपूर यांचे आकडे जवळजवळ सारखेच आहेत, पण रायपूर पूर्वेला आणि जबलपूर उत्तरेकडे. नुसता आकडा घेऊन निघालास तर कुठे पोचशील? आकड्याला दिशा जोडली की डिस्प्लेसमेंट, आणि तसंच स्पीडला दिशा जोडली की व्हेलॉसिटी. कस्तुरचंद पार्कला पूर्ण चक्कर मारून जिथून निघालास तिथेच आलास तर चाललास भरपूर, डिस्प्लेसमेंट शून्य.

गणित करताना आधी मराठीत मोठ्याने बोल, कोण कोणाला ढकलतंय, वेग वाढतोय की कमी होतोय, आणि मग इंग्रजीत लिही. विचार ज्या भाषेत भरभर चालतो त्या भाषेत करायचा, त्यात लाज कसली? रूममधला मित्र हसला तर त्यालाही ठेल्याचं गणित घाल.

प्रश्न : एक न्यूटन म्हणजे नेमकं किती? आणि वजन न्यूटनमध्ये असतं तर दुकानदार किलोत काहून देतो?
— नववीची विद्यार्थिनी, महाल

शंभर ग्रॅमचं छोटं संत्रं घे, तळहातावर ठेव आणि डोळे मिट. हाताला जो भार जाणवतो तो साधारण एक न्यूटन. नागपूरकरांना याच्याहून सोपं माप नाही. दुकानदार खरं तर वस्तुमान विकतो, म्हणजे माल किती आहे ते, आणि ते किलोतच असतं. बोलताना आपण त्यालाच वजन म्हणतो. विज्ञानात वजन म्हणजे पृथ्वी त्या मालाला किती बलाने ओढते ते. पाच किलो संत्री चंद्रावर नेली तरी पाच किलोच राहतील, रस तेवढाच निघेल, पण इथे ४९ न्यूटन असलेलं वजन तिथे आठ न्यूटनच्या आसपास येईल, कारण चंद्राची ओढ सहाव्या हिश्श्याएवढी आहे.

प्रश्न : मी रिटायर माणूस, नातू नववीत आहे. त्याला घरीच काही करून दाखवायची इच्छा आहे, पण आमच्याकडे प्रयोगशाळा नाही आणि मोबाइलवरचे व्हिडिओ त्याने खूप बघितले, त्याने काही होत नाही. एखादा प्रयोग सुचवाल का?
— एक आजोबा, त्रिमूर्तीनगर

काका, नमस्कार. नातवाबरोबर बसायची तुमची तयारी आहे ही अर्धी प्रयोगशाळा झालीच. माझा सगळ्यात आवडता प्रयोग सांगते, खर्च अगदी थोडा आहे.

इलेक्ट्रिकच्या दुकानात लाईट फिटिंगची प्लास्टिकची केसिंग पट्टी मिळते, वरचं झाकण काढून टाकलं की ती नाली होते. त्यातून आरामात जाईल असा काचेचा कंचा, म्हणजे गोटी, घ्या. पट्टीचं एक टोक वीतभर उंच ठेवा, खाली पुस्तकं लावा, आणि मधे वाकू नये म्हणून दोन-तीन ठिकाणी आधार द्या. वरच्या टोकाजवळ शून्याची खूण करा. तिथून १० सेंटिमीटरवर, ४० वर, ९० वर आणि १६० वर पट्टीभोवती शिवणाचा बारीक दोरा घट्ट गुंडाळा, असा की कंचा त्याच्यावरून जाताना टक् असा आवाज येईल पण अडणार नाही. आता नातवाला विचारा, हे अंतर वाढत वाढत गेलं आहे, तर टकटक कशी ऐकू येईल? बहुतेक पोरं म्हणतात की लांब लांबून येईल.

डोळे मिटून ऐकायला लावा आणि शून्यापासून कंचा नुसता सोडा, ढकलू नका. टक्, टक्, टक्, टक्, सारख्या ठेक्यात येते, तबल्यावर ठेका धरल्यासारखी, साधारण अर्ध्या अर्ध्या सेकंदाला एक. पोराचा चेहरा त्या क्षणी बघण्यासारखा असतो, मी वर्गात कितीदा बघितला तरी मन भरत नाही. मग दोऱ्यांमधली अंतरं मोजायला सांगा, १०, ३०, ५०, ७०. म्हणजे एक, तीन, पाच, सात. सारख्या वेळात कापलेलं अंतर विषम संख्यांच्या चालीने वाढतं हे गॅलिलिओने असेच उतारावर गोळे सोडून शोधलं, आणि वेळ मोजायला त्याच्याकडे सेकंदकाटा नव्हता, भांड्यातून बारीक धारेने पडलेलं पाणी तो तोलायचा. नातवाच्या पुस्तकातलं दुसरं समीकरण हेच म्हणतं, वेळ दुप्पट तर अंतर चौपट.

जमलं की उतार थोडा वाढवून परत सोडा. ठेका जलद होईल पण सारखाच राहील, का ते त्याला आधी सांगू नका, रात्रभर विचार करू द्या. कधी गांधीसागरजवळच्या रामन विज्ञान केंद्रातही घेऊन जा, तिथे हाताने हलवून बघायचं बरंच काही आहे.

आणि पट्टी घेताना दोन मीटरची आख्खी मागा, घरी न्यायला सोपी म्हणून दुकानदार मधून कापून द्यायला बघेल, तर कापू देऊ नका, जोडावर कंचा उडी मारतो आणि ठेका बिघडतो.